लक्ष्मीआईच्या पायरीवरची डबी

देवीपुढे हात जोडून डोळे मिटणाऱ्यांतली चंद्रभागाबाई नव्हती. चौसाळ्याच्या अलीकडे तिचं गाव, आणि गावच्या माळावर लक्ष्मीआईचं ठाणं. तिथल्या पायरीवर ती फतकल मारून बसायची आणि शेजारणीशी बोलावं तसं देवीशी बोलायची. शेळी दूध का चोरते, नळाला पाणी का सुटत नाही, सरपंचाच्या घरची सून कशी माजली आहे, सगळं सांगायची. देवीने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे हे बोलणं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होतं.

अशाच एका बैठकीत तिने नवस केला होता. तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा परमेश्वर जाऊन फार दिवस झाले नव्हते. दर हिवाळ्यात बायकोला घेऊन कारखान्याला ऊस तोडायला जाणारा धडधाकट गडी, पण एका हंगामाला खोकला घेऊन परत आला आणि त्या खोकल्यातच गेला. त्याला एचआयव्ही होता हे दवाखान्यात कळलं, पण तोवर उशीर झाला होता. मग त्याच्या बायकोचं, सुनिताचं, रक्त तपासलं. तिच्यातही तेच निघालं. सुनिताचे भाऊ दहाव्याला येऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी चंद्रभागाबाईला हळूच सुचवून पाहिलं की पोरीला माहेरी लावून द्यावं. चंद्रभागाबाईने त्यांना असं काही फैलावर घेतलं की त्या अजूनही तिच्या दारावरून जाताना खाली बघून जातात.

"मपल्या पोरानं आणून दिलंय तिला ते," ती म्हणाली होती. "मपल्या घरचं दुखणं हाय, मपल्याच घरी बरं हुईल."

बोलायला बोलली, पण सुनिता डोळ्यांदेखत वाळत चालली होती. तेव्हा चंद्रभागाबाई माळावर गेली, पायरीवर बसली आणि देवीला म्हणाली, "लक्ष्मीआई, पोरगा नेलास, मी काय बोलले न्हाई. ही पोरगी नगं नेऊस. मपल्या सुनेच्या अंगातनं ते गेलं की तिच्या गोळ्यांची डबी तुझ्या पायरीवर ठिवीन, आन् सुनेचं औषध पुन्ना मपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देणार न्हाई. बग, पटत आसंल तर."

देवीला पटलं असावं. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, रोज एक. सुनिताच्या तोंडाला चव आली, अंग भरलं, केस गळायचे थांबले. नवरा नाही म्हटल्यावर ऊसतोडीचा प्रश्नच मिटला होता, कारण तोडीला जोडपं लागतं, एकट्या बाईला टोळीचा मुकादम कुठला नेतोय. तिने मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भाकरी थापायचं काम धरलं. तिच्या भाकरीसाठी ट्रकवाले मुद्दाम तिथे गाडी लावतात असं ढाबेवाला सांगायचा. हे ऐकून चंद्रभागाबाई गावभर मिरवायची.

आणि मग तो कागद आला. सुनिताने दवाखान्यातून परतताना एसटीत तो उघडला आणि शेजारी बसलेल्या सासूला बोट ठेवून वाचून दाखवला. रक्तात विषाणू आढळला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"पुन्ना वाच," चंद्रभागाबाई म्हणाली. सुनिताने पुन्हा वाचला. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि केजपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. एवढी गप्प ती मुलगा गेला तेव्हाही नव्हती.

येणाऱ्या शुक्रवारी नवस फेडायचं ठरलं. पुरण शिजायला घातलं तेव्हा सुनिता चुलीपाशी येऊन घुटमळली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, दवाखान्यातल्या बाई म्हणल्यात्या, गोळी सोडायची न्हाई म्हून."

"त्या बाईनं नवस केलता का?"

"न्हाई."

"मग? कागद कोणी दिला? त्यांनीच ना? न्हाई म्हून लिवलंय. गेलेल्या दुखण्याला गोळी द्यायची म्हंजे देवीला म्हणायचं, तू बरं केलंस खरं, पन मपला इस्वास न्हाई. आसं करतेत व्हय?"

ज्या दिवसांत सख्ख्या भावांनी दार लावून घेतलं, त्या दिवसांत या बाईने तव्यावरची पहिली भाकरी सुनिताच्या ताटात टाकली होती. तिने देवीला दिलेला शब्द मोडा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? सुनिताने आपल्या हाताने डबी पायरीवर ठेवली. तात्याबा गुरवाने तिला हळदीकुंकू लावलं. गावाने पोळ्या खाल्ल्या, आणि घरातली गोळी बंद झाली.

पुढे काही आठवड्यांनी अंबाजोगाईहून फोन आला. वैष्णवी नावाच्या मुलीचा होता तो. ही केजकडची, शेतकऱ्याच्या घरातली, पुण्याला शिकून आलेली. ती डॉक्टर नव्हती. हा विषाणू पेशीत शिरून नेमका कुठे दडून बसतो, यावर तिचं संशोधन चालू होतं. मागच्या खेपेला सुनिताने तिला राजीखुशीने थोडं जास्तीचं रक्त दिलं होतं. आता दुसऱ्यांदा रक्त द्यायला या, असं तिचं म्हणणं होतं.

"चल, मी बी येते," चंद्रभागाबाई म्हणाली. आपली सून बरी झाल्याचं चार जणांत सांगायची संधी ती थोडीच सोडणार.

वैष्णवीने दोघींना बसवलं, चहा मागवला आणि सुनिताच्या दंडाला पट्टा बांधता बांधता सहज विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, ताई?"

सुनिता खाली बघू लागली. चंद्रभागाबाईने मात्र खुर्चीतच सरसावून सगळी हकीकत सांगितली, नवसापासून पुरणपोळीपर्यंत. काहीही न लपवता आणि थोडं वाढवून.

वैष्णवीचा हात थांबला. दुसरी कुणी असती तर तिथेच ताडताड बोलली असती. हिने आधी रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितला, आतल्या खोलीत जाऊन आपल्या वरिष्ठांशी काहीतरी बोलून आली आणि मग म्हणाली, "आजी, मागच्या वेळच्या रक्ताचं आम्ही काय केलं ते बघायचंय का? सुनिताताई, तुमचंच आहे, तुमची हरकत नसेल तर दाखवते."

सुनिताने मान हलवली. वैष्णवीने हातमोजे घालून पारदर्शक प्लास्टिकची एक ताटली आणली. तिच्यात ओळीने बारीक बारीक वाट्या होत्या, लहान पोरींच्या भातुकलीतल्यापेक्षाही लहान.

"घाबरू नका, यातलं सगळं आता मेलेलं आहे," ती म्हणाली. "या वरच्या ओळीत निरोगी माणसाच्या रक्तातल्या पेशी होत्या. खालच्या ओळींत सुनिताताईंच्या. ज्या वाटीत विषाणू निघतो, ती पिवळी होते."

वरची ओळ पाण्यासारखी स्वच्छ होती. खालच्याही बहुतेक वाट्या स्वच्छच होत्या. पण मध्येच एक पिवळी, पलीकडे अजून एक, कोपऱ्यात आणखी. चंद्रभागाबाईने चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि परत डोळ्यांवर घेऊन बघितलं.

"कागद म्हणतोय न्हाई, ही ताटली म्हणतीय हाय. कुणाचं खरं धरावं माणसानं?"

"दोन्ही खरं आहे. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात ना, हा विषाणू नेमका त्यांनाच धरतो. आत शिरतो आणि पेशीच्या मूळ माहितीत आपली माहिती लिहून टाकतो. मग ती पेशी स्वतःचं काम सोडून त्याच्याच नकला काढत बसते."

"म्हंजे राखणदारच फितूर."

"अगदी. गोळी ते लिहिणं आणि नकला काढणं बंद पाडते. म्हणून रक्तात मोकळा फिरणारा विषाणू उरत नाही, आणि कागदावर नाही असं येतं. गोळी चालू ठेवून तसंच राहिलं तर नवरा-बायकोच्या संबंधातून लागणही होत नाही. लग्न, लेकरंबाळं, सगळं होतं. पण काही पेशी आधीच लिहून झालेल्या असतात आणि झोपलेल्या असतात. त्या काहीच करत नाहीत, म्हणून गोळीला सापडत नाहीत. आम्ही इथे त्यांना औषध घालून जागं केलं. जागं झाल्याबरोबर त्यांनी विषाणू बाहेर काढला."

चंद्रभागाबाई एकदम तापली. "निजलेल्याला उठवलं कावून तुमी? निजलंय तर निजू द्यायचं की! नसती उठाठेव."

वैष्णवीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "आम्ही उठवलं ते प्रयोगशाळेतल्या काचेआड, आजी. कुठे निजलाय ते कळल्याशिवाय त्याला कायमचं काढायचं औषध कसं शोधणार? ते अजून कुणालाच सापडलेलं नाही, जगभर माणसं त्याच्या मागे आहेत. तोवर ही रोजची गोळी. गोळी थांबली की तो अंगात आपोआप उठतो, आणि तिथे मध्ये काच नसते."

चंद्रभागाबाई पिवळ्या वाट्यांकडे बघत होती. तिने निम्मं आयुष्य उसाच्या फडात काढलं होतं. ऊस तोडून गाडी भरून दिली की रान कसं उघडंबोडकं दिसतं, आणि बुडखे मातीतच राहिलेले असतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणी मिळालं की त्याच बुडख्यांतून ऊस परत वर येतो.

"खोडवा," ती म्हणाली. "तोडला तरी फुटतोच."

"होय."

"आन् मी त्याला पाणी दिलं."

नवस फेडल्याचा एवढा आनंद, ती पोळी, तो मिरवलेला कागद, आणि आपण आपल्याच हाताने पोरीला मरणाच्या दारात नेऊन बसवलं की काय, या विचाराने तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "ह्या दिवसांत उठलं आसंल का गं ते?" तिने विचारलं.

"आजच्या रक्तावरून कळेल. उठलं असेल तरी परत दाबता येईल असं डॉक्टरांना वाटतंय. फक्त गोळी आजपासून. उद्यापासून नाही, आजपासून."

दवाखान्याच्या औषधखिडकीवर नवी डबी मिळाली, फुकट. गोळीला तोटा नव्हता. अडचण निराळीच होती, आणि ती त्या दवाखान्यातल्या कुणालाच सोडवता येणार नव्हती. एसटीत पूर्ण वाटभर चंद्रभागाबाई ती मनातल्या मनात उलटीपालटी करत राहिली. शब्द दिलेला. सुनेचं औषध उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. तो मोडला तर देवी कुणावर रागावेल? म्हातारीवर रागावून तिला काय मिळणार? रागावली तर पोरीवरच रागावेल. मोडला नाही तर ते पिवळं पाणी आहेच.

फाट्यावर उतरून दोघी चालू लागल्या. गावची शीव आली तशी चंद्रभागाबाई वाटेतल्या दगडावर बसली.

"आता घरात डबी कशी न्यायची, सांग."

सुनिता जवळ उकिडवी बसली. "मी काय म्हणते आत्या, डबी ढाब्यावर ठिवते. तिथंच घेत जाईन. घरात आणायचीच न्हाई."

"देवीला फशिवतीस व्हय? ती काय मुकादम हाय? आन् ढाबा बंद आसंल, तू तापानं पडलीस, त्या दिवशी काय करशील?"

सुनिताने हातातली पिशवी छातीशी धरली. मग इतक्या दिवसांत कधी न बोललेलं एकदम बोलली, "आत्या, मला जगायचं हाय. तुमचा शबुद मोडावा आसं मला वाटत न्हाई. पन मला लई जगायचं हाय."

चंद्रभागाबाईने तिच्याकडे बघितलं. तिशीही न गाठलेली पोरगी. चुलीच्या धगीने लाल झालेले हात. आपण नवस कुणासाठी केला, हे आपण या गडबडीत विसरलो आणि पोरीलाच त्याची आठवण करून द्यावी लागली, याची तिला लाज वाटली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चल माळावर. जिनं अडकवलं तिलाच इचारू."

तात्याबा गुरव पायऱ्या धूत होता. सत्तरी ओलांडलेला, बोलायला तिरकस, पण देवीच्या कामात चोख माणूस. नवसाची डबी अजून कोपऱ्यात होती, कुंकवाने माखलेली. चंद्रभागाबाईने त्याला ताटलीपासून सगळं सांगितलं. ऐकून त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"वाहिलेलं परत न्यायचं न्हाई, चंद्रभागाबाई. बोललेलं मोडायचं न्हाई. मी पायऱ्या धुणारा माणूस, मी कोण सोडवणार? बोललीस कशी, शबुद सांग."

"सुनेचं औषध उंबऱ्याच्या आत येऊ देणार न्हाई."

"मग झालं. गळ्यात धोंडा बांधून घेतलास आपल्या हातानं."

चंद्रभागाबाई पायरीवर बसली. याच पायरीवर तिने एकदा परमेश्वरला ठेवलं होतं. त्याच्या आधीची लेकरं तिची जगत नव्हती. तेव्हा गावच्या रिवाजाप्रमाणे तान्हं पोर देवीच्या पायरीवर टाकलं, गुरवाने ते उचललं, आणि तिने देवीला गूळ देऊन ते विकत घेतलं. असं घेतलेलं पोर नवं समजायचं. आधीच्या घराचा भोग, आधी बोललेलं बरंवाईट, त्याला काही लागत नाही. देवीकडून आलेलं, देवीचंच. आई फक्त सांभाळणारी.

तिने पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तात्याबा, मला लेकरू इकत घ्यायचंय."

"आता? ह्या वयात? कुणाचं?"

"हिला."

तात्याबाने सुनिताकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "ही भाकरी बडवणारी बाई व्हय? अगं, तान्हं लेकरू आसतं ते."

"देवीपुढं कोन थोर हाय? तू न् मी बी न्हाई. मी सुनेचं औषध आणणार न्हाई म्हणलेते. न्हाईच आणणार. घरात सूनच राहिली न्हाई तर सुनेचं औषध कुठलं? लेकीच्या औषधाबद्दल मी देवीला एक शबुद दिलेला न्हाई. इचार तिला."

तात्याबा डोकं खाजवू लागला. देवीच्या कामात त्याने पुष्कळ तडजोडी बघितल्या होत्या, पण अशी वकिली बघितली नव्हती. त्याने देवीच्या मुखवट्याकडे पाहिलं, जणू तिकडून काही खूण येते का बघावं.

"लेकराच्या भारंभार गूळ लागतो," तो शेवटी म्हणाला. "तान्ह्याचं ठीक हाय. हिच्या भारंभार म्हंजे ढेपाच्या ढेपा."

"लागू दे. गोळ्यांनी वजन वाढलंय पोरीचं, बरंच हाय. बाजाराच्या दिवशी एक शेळी चौसाळ्याला धाडते. आज इसार म्हून एक खडा घे. तुझ्याच घरून आण, उद्या देते."

तात्याबा हसला, घरातून गुळाचा खडा घेऊन आला. सुनिताला पायरीवर बसायला सांगितलं. ती बसली, पाय जवळ ओढून, डबीची पिशवी मांडीवर घेऊन. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, आणि ती दोन्ही करत होती. तात्याबाने खडा देवीपुढे ठेवला, सुनिताचा हात हातात घेतला आणि तो द्यायच्या आधी थांबला. आता त्याचा आवाज तिरकस नव्हता.

"चंद्रभागाबाई, एक सांगतो, मग माघारी फिरता यायचं न्हाई. सून घरात राहती. लेक जाती. ही तरणी हाय, आन् दवाखाना म्हणतोय लगीन हुतंय, लेकरं हुत्यात. उद्या कुणी मागनं घातलं तर तू लेकीला अडवू शकत न्हाईस. इचार केलास का?"

हा विचार तिने केला नव्हता. खरंच केला नव्हता. तिच्या घरात सुनिता सोडली तर बोलायला दोन शेळ्या होत्या, आणि त्यांतलीही एक आता जाणार होती. संध्याकाळी ढाब्यावरून येणारी पावलं, चुलीसमोरची दोन ताटं, उजाडताना आधी कोण उठलं यावरून रोज होणारा वाद, हे सगळं एका बाजूला ठेवून तिला बघावं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "जायाला जित्ती तर पायजे."

तात्याबाने सुनिताचा हात तिच्या हातात दिला. "घे बाई, तुपली लेक."

सुनिताने तात्याबाच्या तांब्यातलं पाणी घेऊन तिथेच गोळी घेतली. मग दोघी माळ उतरून घरी आल्या. डबी सुनिताच्या हातात होती, आणि चंद्रभागाबाईने दाराची कडी काढून तिला उंबऱ्यातून आधी आत जाऊ दिलं.